चातुर्मासातला फ्रेंच टोस्ट

"अंडं नाही ना गं यात?"

"नाही आई. केळं, दूध आणि कस्टर्ड पावडर. निहारला करते तोच घोळ."

सासूबाईंनी ताटली पुढ्यात ओढली. टोस्टचा कोपरा मोडला, बोटांनी दाबून पाहिला आणि तोंडात टाकला. मी ओट्याला टेकून चहा गाळत होते, म्हणजे गाळणं नुसतं हातात धरून त्यांच्या जबड्याकडे बघत होते. त्या चावत होत्या. मग थांबल्या. पुन्हा चावू लागल्या. गिळलं.

"केळं गोड निघालं," त्या म्हणाल्या.

त्या टोस्टमध्ये चहाचा एक चमचा फेटलेलं अंडं होतं.

याला आता सहा वर्षं झाली. त्या दिवशी आषाढातली द्वादशी होती. आदल्या दिवशी, एकादशीला, त्यांनी देवासमोर पळीनं पाणी सोडलं होतं. नातू मरणाच्या दारातून परत आला म्हणून चातुर्मास संपेपर्यंत अंडं वर्ज्य. रोज सकाळी मीठ-मिरी लावलेलं एक उकडलेलं अंडं ही त्यांची कित्येक वर्षांची सवय, त्यामुळे मिरजेतल्या आमच्या सगळ्या गल्लीनं तोंडात बोटं घातली. "शकूकाकूंनी नातवापायी अंडं सोडलं बघा!" वास्तविक घरात अंडं आणायचंच नाही असं माझ्या नवऱ्यानं, सारंगनं, महिन्यापूर्वीच ठरवून टाकलं होतं. जे घरात येणारच नाही ते सोडायचं, आणि वर पुण्यही पदरात. पण हे मी कुणाजवळ बोलले नाही. तेव्हा माझ्या बोलण्याला त्या घरात किंमत उरली नव्हती.

फ्रेंच टोस्ट हा माझा सोस. कॉलेजात असताना कोल्हापूरच्या होस्टेलवर रविवारी मेस बंद असायची, तेव्हा आम्ही चोरून शेगडीवर करायचो. ते खूळ लग्नानंतरही सुटलं नाही. पाव आदल्या दिवशीचा हवा, ताजा फाटतो. जाड कापायचा. घोळात बुडवून मनाशी दहा आकडे मोजायचे, नऊ नाही की अकरा नाही. आच मंद, तूप घरचं, वर जायफळाची चिमूट. निहार दीड वर्षाचा असताना त्याला अंडं सोसत नाही हे कळलं, तेव्हा मी त्याच्यासाठी केळ्याचा घोळ बसवला. त्याचं निळं प्लास्टिकचं भांडं वेगळं, छोटा तवा वेगळा, उलथनं वेगळं. आधी त्याचा टोस्ट, मग ओटा पुसून आमचे. सारंग हसायचा, "अगं, ऑपरेशन थिएटर आहे का हे?" मी म्हणायचे, "हो."

त्या वर्षी जूनमध्ये निहार बालवाडीत जायला लागला. पहिल्या आठवड्यात तो टोस्टशिवाय कशाला तोंडच लावत नव्हता. बुधवारी त्याच्या ओठांभोवती लाल पुरळ दिसलं. घामोळं असेल म्हणून मी पावडर लावली. शनिवारी सुट्टी होती. टोस्टचे चार घास खाल्ले त्यानं. पाचव्याला म्हणाला, "आई, गळ्यात टोचतंय." मी वळून पाहीपर्यंत त्याच्या पापण्या सुजून डोळे मिटले होते. श्वास घेताना बारीक शीळ वाजत होती.

सारंगनं स्कूटर कशी काढली, मी मागे कशी बसले, काही आठवत नाही. आठवते ती फक्त शीळ. ती वाजतेय तोवर तो आहे, एवढंच कळत होतं.

इंजेक्शननं तो सावरला. डॉक्टर तरुण होते, घामाघूम झाले होते. "अंडं गेलंय पोटात. कसं गेलं?"

"शक्य नाही. मी सगळं वेगळं ठेवते. भांडंसुद्धा..."

"ताई, गेलंय. पुढच्या वेळी इतका अवधी मिळेलच असं नाही."

सारंग माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी भांडले असते. तो कीव आल्यासारखा बघत होता. सासूबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

त्या रात्री वॉर्डाच्या व्हरांड्यात तो म्हणाला, "केतकी, माणसाच्या हातून होतं. चमचा इकडचा तिकडे गेला असेल. पण कबूल तर कर."

"काय कबूल करू?"

"हेच. की चुकलं."

"सारंग, मी नाही केलं."

"मग कुणी केलं?"

खरं सांगायचं तर मला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता. घरी आल्यावर निहारचा डबा सारंग भरायला लागला. तोही मी स्वयंपाकघरातून बाहेर गेल्यावर. एकदा मी निहारला वरणभात कालवून दिला तर सारंगनं ताट उचलून नाकाशी नेलं, वास घेतला आणि मग त्याच्यापुढे ठेवलं. मुलाच्या देखत. पुढे निहारच मला विचारू लागला, "आई, यात काही नाही ना?" तीन वर्षांचं पोर.

दहा दिवसांनी सासूबाईंच्या खोलीतली जळमटं काढताना मला सहाण दिसली. गल्लीतल्या निम्म्या बाळांना त्यांच्या हातची बाळगुटी मिळालेली. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, एकेक सहाणेवर उगाळायचं, आज एक वळसा, उद्या दोन, परवा तीन, म्हणजे बाळाच्या अंगाला सवय होत जाते. वळशांची आठवण राहावी म्हणून त्या दिनदर्शिकेवर तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं रेघा मारायच्या. निहारची गुटी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. पण जूनच्या पानावर 'नि' लिहून रेघा होत्या. सोमवारी एक. मंगळवारी दोन. शनिवारी सहा. पुढे काही नाही.

सहाणेच्या कडेला पिवळं वाळून बसलं होतं. मी नखानं खरवडलं.

"आई, या कसल्या रेघा?"

त्या वाती वळत होत्या. "कुठल्या गं?"

"या. निहारच्या नावाच्या."

"जायफळ दिलं त्याला. शाळेच्या भीतीनं झोपत नव्हता नव्हं."

"आणि हे पिवळं?"

"हळकुंड असेल. काय पोलिसासारखं विचारतीस?"

मी ते पिवळं पाण्याच्या थेंबात कालवलं. हळद असती तर बोट रंगलं असतं. याचा नुसता पिठूळ चिकट लगदा झाला. उकडलेल्या अंड्याचा बलक. आणि माझ्या डोळ्यापुढे ते निळं भांडं आलं. घोळ कालवून मी निहारला उठवायला जात असे, आंघोळ घालत असे. वीस मिनिटं ते भांडं ओट्यावर असायचं. त्या वेळी स्वयंपाकघरात दुसरं कोण असायचं?

"तुम्ही त्याला अंड्याची गुटी देत होता," मी म्हणाले.

वात वळणारी बोटं थांबली नाहीत. "भलतं काहीतरी बोलू नकोस हं."

संध्याकाळी मी सारंगला हाताला धरून त्या खोलीत नेलं. सहाण घासूनपुसून खिडकीत उभी केलेली होती. दिनदर्शिकेवर खोडरबर फिरलेलं होतं.

"आता आईवर घालतेस?" तो म्हणाला, इतक्या हळू की मला कान द्यावा लागला. "तीन दिवस ती जेवली नव्हती, केतकी."

मला एवढंच हवं होतं. त्यांनी सारंगसमोर म्हणावं, 'मी घातलं.' दोन शब्द. त्या म्हणाल्या नाहीत. उलट देवासमोर पाणी सोडून मोकळ्या झाल्या. तेव्हा मी ठरवलं, ज्या रीतीनं माझ्या मुलाला दिलं त्याच रीतीनं. आज एक, उद्या दोन.

निहारला बालवाडीत सोडून परतताना मी कोपऱ्यावरून दोन अंडी घ्यायचे. कपाटात साड्यांच्या मागे, माझ्या जुन्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवायचे. त्यासाठी एक वाटी आणि एक तवा माळ्यावर दडवलेला होता. काम झालं की उकळतं पाणी, मग साबण, मग पुन्हा पाणी. टरफलं वर्तमानपत्रात बांधून लांबच्या कचराकुंडीत. हात कोपरापर्यंत धुवायचे, नखांतून काडी फिरवायची, गाऊन बदलायचा आणि मगच मुलाला आणायला जायचं. सव्वानऊला सासूबाईंची पूजा उरकायची.

"आज काय केलंस?"

"टोस्टच."

"तुझा तो केळ्याचा? दे."

दहाव्या दिवशी पूर्ण अंडं झालं. पुढे रोज एक. श्रावण गेला, गणपती गेले. नवरात्रात नऊ दिवस त्यांचे उपास, तेवढी सुट्टी. दसऱ्याला पुन्हा. शेजारच्या कुंदावहिनी यायच्या, "काकू, तुमचं कौतुक वाटतं बाई. मला तर आम्लेटशिवाय सकाळ सुचत नाही." सासूबाई शेवटचा तुकडा ताटलीवरच्या तुपात फिरवत म्हणायच्या, "मनावर घेतलं की होतं सगळं." मी आतून ऐकायचे. मला हसू यायचं. इतकं निर्मळ सुख मला लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं.

आणखी एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात येत होती. चार महिने मी त्या घरात रोज अंडं फोडत होते, तेही लपूनछपून, घाईघाईत, आणि निहारच्या अंगावर एक पुरळसुद्धा उठलं नाही. माझा हात एकदाही चुकला नाही. म्हणजे जूनमध्येही चुकला नव्हता. दुसऱ्या कुणाला नसेल पटलं, मला पटलं. रात्री झोप लागायला लागली.

कार्तिकी एकादशीनंतरच्या रविवारी नेमाचं उद्यापन होतं. पाच सवाष्णी जेवायला, सारंग घरी. पुरणपोळ्या झाल्या, ओट्या भरल्या. आमच्याकडे रीत अशी की चातुर्मासात जे सोडलं ते आधी कुणाला तरी दान करायचं, मग आपण खायचं. त्यावरून बायकांची हसून मुरकुंडी वळली.

"अंड्याचं दान कुणाला करणार ओ काकू? भटजी घेतील होय?"

"घेतील की, झाकून द्या!"

"आमच्या ह्यांना द्या. दक्षिणा नसली तरी चालेल त्यांना."

निहार कुंदावहिनींच्या मुलीबरोबर अंगणात खेळत होता. मी ते दोनदा खिडकीतून पाहून घेतलं. सारंगनं त्या दिवसापुरती म्हणून सहा अंडी आणली होती, तीही पिशवीत पिशवी घालून, बाहेर स्कूटरच्या डिकीत. तो म्हणाला, "आई, कुंदावहिनींच्या घरीच उकडून आणतो. इथं नको."

"कशाला धावपळ?" मी म्हणाले. मी पाट उचलत होते, ते तसेच खाली ठेवले. "नेम सोडायला तो धरलेला तर हवा. आई तर रोज अंडं खात होत्या."

"काय?" सारंग म्हणाला.

"रोज. द्वादशीपासून. माझ्या हातच्या टोस्टमधून. पहिल्या दिवशी एक चमचा, दुसऱ्या दिवशी दोन. वाढवत नेलं मी. गुटीसारखं."

कुणाच्या तरी हातातला विडा तसाच राहिला. मी कुणाकडे पाहत नव्हते, फक्त सासूबाईंकडे. हाच क्षण मी चार महिने जपला होता. त्यांचा चेहरा कसा पडेल, हात तोंडाशी कसा जाईल, कदाचित मोरीकडे धावतील, सगळं मी मनात पाहून ठेवलं होतं.

त्या पाटावर बसून राहिल्या. सुपारी तोंडात होती, ती या गालातून त्या गालात गेली.

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या.

"आई?" सारंग.

"पहिल्या घासालाच. पन्नास वर्षं अंडं खाल्लेल्या बाईला कळत नाही होय?"

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मग... मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? हिनं मला अंडं घातलं म्हणून ओरडले असते, तर तू माझ्या तोंडावर विचारलं असतंस, निहारच्या भांड्यात कुणी घातलं." त्यांनी कुंदावहिनींकडे पाहिलं, मग इतर बायकांकडे, आणि शेवटी लेकाकडे. "मी घातलं होतं सारंग. बलक उगाळून. जरा जरा दिला की सोसेल म्हटलं. सगळ्या पोरांना सोसतंय सगळं. दवाखान्यात तू हिला बोलत होतास तेव्हा माझ्या ओठावर आलं होतं. मग म्हटलं, आता ती ऐकून घेतेय तर..."

"ऐकून घेतेय तर?" मी म्हणाले.

"तर राहू दे."

बायका एकेक करून उठल्या. कुंदावहिनी जाताना माझा दंड दाबून गेल्या. सारंग भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "केतकी, मी..." आणि मी हातानंच त्याला गप्प केलं. त्याचं नंतर. त्याचं काय ते मी पुढे वर्षभर वसूल केलं, ती वेगळी गोष्ट.

"चार महिने खाल्लंत," मी सासूबाईंना म्हणाले. "देवासमोर पाणी सोडून."

"खाल्लं. आधी शिक्षा म्हणून खाल्लं." त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "मग चवीनं. तुझा हात चांगला आहे गं. बंद कर म्हणवेना."

मला जे हवं होतं ते पाच बायकांच्या साक्षीनं मिळालं. गल्लीनं शकूकाकूंकडे बाळं आणणं बंद केलं. कोणी काही बोललं नाही, नुसतं आणलं नाही. दुपारी दोन ते चार त्या ओसरीवर सहाण घेऊन बसायच्या, मग ती न भिजवताच उचलून आत ठेवायच्या. मला वाईट वाटलं नाही. निहारचा डबा त्याच सोमवारपासून मी भरू लागले. आणि त्या दिवसापासून सासूबाईंना मी माझ्या हातचा टोस्ट दिला नाही. रविवारी सगळ्यांना टोस्ट, त्यांना उपमा. तूप तापायला लागलं की त्या पेपर खाली ठेवायच्या. मी उपम्याची ताटली पुढ्यात ठेवायचे, "खा, आई, गरम आहे." सहा वर्षं.

गेल्या वर्षी निहारच्या डॉक्टरांनी उपचार सुरू केले. दवाखान्यात बसवून, नर्स शेजारी, इंजेक्शन भरून तयार, अंड्याचा कणभर अंश, आठ-पंधरा दिवसांनी जरा जास्त. प्रत्येक वेळी मी दोन तास त्याच्या ओठांकडे बघत बसायचे. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता घरी द्यायला हरकत नाही.

रविवारी मी पहिल्यांदा सगळ्यांचा घोळ एकाच भांड्यात केला. निहारनं पूर्ण टोस्ट खाल्ला. मी घड्याळ लावून बसले होते. अर्धा तास झाला, तास झाला. त्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "अजून आहे का?" सारंग उठून खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मला इतकं हलकं वाटत होतं की मी पावाचा आणखी एक जाड काप घोळात टाकला, दहा मोजले, तव्यावर सोडला, दोन्ही बाजूंनी खरपूस केला, वर जायफळ घातलं आणि ताटली सासूबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवली. त्यांचं वय आता अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आधी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरून आले होते त्यांचे. कोपरा मोडायला त्यांनी हात पुढे केला.

"म्हणजे सोसलं की त्याला जरा जरा देऊन," त्या म्हणाल्या. "मी तरी दुसरं काय करत होते?"

मी ताटली उचलली. ओट्यापाशी उभ्याउभ्याच तो टोस्ट खाल्ला, शेवटच्या तुकड्यापर्यंत, त्यांच्याकडे बघत. मग त्यांच्यासाठी उपम्याचा रवा भाजायला घेतला.